घर पूर्णपणे रिकामे असून

३ मार्च, मंगळवार

आज माझ्या ऑफिसात चहाला सगळे जमले – घरांचा एजंट, वकील, बँकेसाठी घराची किंमत काढणारे व्हॅल्युअर. एजंटने याला 'समन्वय बैठक' म्हटलं. बिस्किटं त्याचीच. मुद्दा एकच: मॅडम, तुम्ही दस्त मोठ्याने का वाचता?

नियम आहे म्हणून! सही करणाऱ्याला ऐकवल्याशिवाय नोटरीने शिक्का मारायचा नाही.

"अहो, पण ऐकतं कोण?"

हे मात्र खरं. इतकी वर्षं मी भिंतींनाच दस्त वाचून दाखवतेय. लोक मोबाईल बघतात, जांभया देतात. मागे एक जोडपं माझ्या वाचनाच्या आडोशाने पडद्यांच्या रंगावरून भांडून घेत होतं.

शेवटी ठरलं की मी जरा भरभर वाचावं. समन्वय झाला. उरलेली बिस्किटं वकिलांनी खिशात घातली.

६ मार्च, शुक्रवार

भरभरच वाचत होते, शपथ!

विकणारे भाऊ-बहीण, घर वडिलांचं. घेणाऱ्या बाईंना बँकेचं कर्ज. भावाची बायको नुसती सोबत आलेली, तिची सहीसुद्धा नको होती. मी वाचलं – "घर पूर्णपणे रिकामे असून त्यात कोणीही राहत नाही –"

"आणि आत्या?" ती म्हणाली.

नवऱ्याने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने चारचौघांत त्याचं वजन सांगितलं.

मागच्या खोलीत त्यांची आत्या राहते. लग्न केलं नाही. आई लवकर गेली, तेव्हा या दोघांना तिनेच लहानाचं मोठं केलं. मी शिक्का खणात ठेवला. एजंट हसत म्हणाला, "किरकोळ आहे हो मॅडम." आत्या किरकोळ!

७ मार्च, शनिवार

फोनवर फोन.

व्हॅल्युअर: "बाई दिसल्या ना मला! पंखा लावला, पाणी दिलं. पण आमच्या फॉर्ममध्ये खिडक्या किती, नळ किती, ओल कुठे – एवढंच. आत्याचा रकाना नाही."

वकील: मृत्युपत्रात वडिलांनी आपल्या बहिणीला, म्हणजे या आत्याला, हयातभर राहायचा हक्क दिलाय. वकीलसाहेबांनी तो वाचलाही होता. "पण मला वाटलं, त्या आता कशाला असतील!"

मग 'रिकामे' लिहिलं कुणी? वकिलांनी – व्हॅल्युअर जाऊन आले म्हणून. व्हॅल्युअरनी – एजंट म्हणाला म्हणून. एजंटने – वकील बघतीलच म्हणून. आणि ते मी मोठ्याने वाचलं. खणखणीत आवाजात.

१० मार्च, मंगळवार

तोडगा निघाला. आत्याने हक्क सोडल्याचा कागद! तिची सही आली की बँक पैसे सोडणार. मसुदा तिघांनी मिळून केला. 'स्वखुशीने' हा शब्द व्हॅल्युअरनी सुचवला; त्यांना त्याचा फार आनंद झालाय.

भाऊ म्हणाला, "आत्याचं काय, ती सांगू तिथे सही करेल."

मी विचारलं, "पण जातील कुठे त्या?"

"आम्ही काय तिला रस्त्यावर टाकणार आहोत का?" बहीण फणकारली.

"तेच ना! ताईकडे राहील," भाऊ म्हणाला.

"माझ्याकडे? अरे, तुझ्याकडे ना!"

एजंटने चेहऱ्यावरची रेषाही हलू न देता म्हटलं, "बघा मॅडम. आत्यांना तर दोन-दोन घरं आहेत."

११ मार्च, बुधवार

नवरा म्हणतो, "त्यांचं ते बघतील. तुझं काय जातंय? मार शिक्का."

काय जातंय ते सांगितलं. एजंटला दुसरा नोटरी सापडलाय – म्हणे तो मनातल्या मनात वाचतो. हा दस्त अडला तर एजंट तिकडे, आणि त्याच्यामागून माझी निम्मी कामं.

"अगं, मग तर मारच!"

१२ मार्च, गुरुवार

चहा एकटीनेच घेतला. बिस्किटं बंद झालीत.

१३ मार्च, शुक्रवार

आत्या आली. बाकीच्यांना बाहेर काढलं. "मी सांगतो ना तिला समजावून," म्हणत भाऊ दारात अडला. दार लावून घेतलं.

सगळा कागद वाचला, हळू. ती खुर्ची पुढे ओढून ऐकत होती. एका शब्दावर थांबवलं, अर्थ विचारला. इतक्या वर्षांत पहिलं माणूस!

"छान वाचतेस गं," ती म्हणाली. "आता सही नाही केली तर काय होतं, तेही वाच."

मी पानं उलटून पाहिली. तिघांनी मिळून केलेल्या कागदात ती ओळ कुठेच नव्हती. मग तोंडीच सांगितलं, "मग घर विकलं जात नाही."

"एवढंच?"

"एवढंच."

तिने पेनाला टोपण लावलं, माझ्या हातात दिलं, आणि बाहेर जाऊन भाच्याला म्हणाली, "चल, मला घरी सोड."