समन्स चुकीच्या दाराला

३ मार्च
कोर्टाचा माणूस टेप घेऊन घर मोजायला आला. एकतर्फी निकाल लागलाय म्हणे. वडिलांच्या घराचा अर्धा भाग धाकट्या बहिणीचा. केस झाली, निकालही लागला, आणि मला पत्ता नाही. तरी मी अत्यंत शांत राहिलो. बायकोच्या मते शेजारी खिडक्या लावून घेत होते.

५ मार्च
वकील गाठले. समन्स माझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या जुन्या ऑफिसच्या शटरला चिकटवलं होतं. ते मी कधीच सोडलंय. बजावणी चुकीची, अर्ज केला तर निकाल रद्द होऊ शकतो, म्हणाले. म्हणजे झालाच. आता रोज पहाटे उठून कायदा वाचणार.

६ मार्च
आठला उठलो. पुस्तक फार जाड आहे. उद्यापासून.

१९ मार्च
बायको म्हणाली, वन्संना एक फोन करा. म्हटलं, मुद्दा समन्सचा आहे, बहिणीचा नाही. तर म्हणे, शेवटी बाबांचं अंथरूण कोण धूत होतं? हे अर्जात बसत नाही.

२ एप्रिल
शिकायला येणाऱ्या बाईंना सिग्नलवर माझा मुद्दा समजावला. मागून हॉर्न. बाईंना पटलं असावं. दुपारी त्यांनी दुसरा शिक्षक मागितला.

२१ एप्रिल
तारीख होती. पुढची पडली. वकील म्हणाले, केस मजबूत आहे. झोप लागत नाही. उकाडा असेल.

६ मे, दुपारी
जिंकलो. न्यायाधीश म्हणाले, बजावणी कायदेशीर नाही, निकाल रद्द. वकिलांचा हात हातात घेतला, तेवढ्यात पुढचं वाक्य आलं: प्रतिवादी हजर आहेतच, दाव्याची प्रत आत्ताच द्या, दावा नव्याने चालेल.

बाहेर वकिलांनी विचारलं, दाव्यावर आपलं म्हणणं काय? म्हटलं, समन्स. ते म्हणाले, तो विषय संपला.

बाकावर बसून प्रत वाचली. घर बाबांचं. मुलं दोन. आजारपणात त्यांना तिने सांभाळलं. एकही ओळ खोडता येईना.

धाकटी समोर येऊन उभी राहिली. केस पांढरे झालेत तिचे. हातातल्या प्रतीकडे बघून तिने विचारलं, दादा, या वेळी नीट मिळालं ना?

हो म्हणालो.