सोमवारच्या बाई

प्रिय ताई,

परवा फोन मध्येच बंद पडला तेव्हा तू विचारत होतीस, की सोमवारी त्या बाईंकडे जात राहू की सोडून देऊ, तू म्हणशील तसं करते. मी तोंड उघडायच्या आत लाइन गेली. बरंच झालं म्हणायचं. माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं, सोडून दे म्हणून. आता कागद घेऊन बसलोय तर ते तेवढं सोपं राहिलेलं नाही. माझं अक्षर तुला ठाऊक आहे, मुंग्या शाईत बुडून पळाल्यासारखं. हळूहळू वाच. तुझ्याआधी तुरुंगाच्या ऑफिसात जे कुणी हे पाकीट उघडतील त्यांनाही नमस्कार, त्यांनीही चष्मा लावून घ्यावा.

इकडे मी बरा आहे. सध्या एका उंच इमारतीला बाहेरून रंग देतोय, परांचीवर उभं राहून. मुकादम म्हणतो, ह्याच्या पायाला भिंगरी आहे, हा पुढचा मजला बघत नाही. बघू. खोलीत आम्ही चौघं. त्यातला वेल्डर झोपेतही ग्राइंडर चालवतो, एवढा घोरतो. जेवण मीच करतो, म्हणून सगळे माझ्याशी नीट वागतात.

तर त्या संस्थेकडून येणाऱ्या बाई. तू पहिल्यांदा सांगितलंस तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. शिवणाच्या खोलीमागे खुर्च्या गोल मांडतात, दार उघडं ठेवतात, कुणी कुठं बसायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. काय केलंस असं विचारत नाहीत, हातात पेन नसतं, आणि वर म्हणतात, सांगायचं नसेल तर सांगू नका. ताई, सांगू नका म्हणणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. सगळे सांग सांग म्हणूनच मागे लागतात. म्हणून मला वाटलं, ही तर त्यांच्याहून हुशार. गळ टाकून गप्प बसणारा कोळी जास्त मासे धरतो.

तू म्हणशील, किती रे संशयी झालास. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. भाऊजी गेले त्या दिवशी पोलीस ठाण्यातल्या त्या मॅडमनी तुझ्या पाठीवरून हात फिरवला होता, बाळा म्हणाल्या होत्या. तू रडत रडत एवढंच बोललीस की मी कंटाळले होते, आणि इस्त्री हातातच होती. कोर्टात त्याचं काय झालं ते मी मागच्या बाकावर बसून ऐकलं. कंटाळली होती म्हणून मारलं. तुझ्या मनगटाचं हाड दोनदा का मोडलं होतं, हे त्या कंटाळ्यात कुणी धरलंच नाही. त्यानंतर तू तोंड मिटलंस ते मिटलंसच. माझ्याशी बोलताना सुद्धा जेवलास का, अंगावर पांघरूण आहे का, संपलं.

आणि आता अचानक तू फोनवर हसतेस. मला आधी वाटलं, तुला गोळ्याबिळ्या देतात की काय. शेजारच्या बिछान्यावरची आजीबाई शिवणाच्या मशीनला नवऱ्याचं नाव ठेवून शिव्या घालते, हे सांगताना तुला ठसका लागला होता. मी इकडे परांचीखाली उभा राहून हिशेब लावत होतो, की ह्या हसण्याच्या बदल्यात त्या बाई काय घेणार. फुकट तर कुणी पाणी पण पाजत नाही.

मग त्यांचाच फोन आला. म्हणाल्या, तुमच्या ताईंनी तुमचा नंबर द्यायला हो म्हटलं म्हणून करतेय, आता बोलायला सवड आहे का, नसेल तर नंतर करते. गोड आवाज. मी म्हटलं, ठीक आहे, आपणही गळ टाकू. मी थाप मारली. ताईनं मला सगळं सांगितलंय, म्हटलं, त्या घरात काय काय व्हायचं ते, मागच्या खोलीचं सुद्धा. मागची खोली मी अशीच हवेतून काढली. वाटलं, आता बाईंच्या तोंडून काहीतरी निसटेल आणि मी पकडीन. त्या शांतपणे म्हणाल्या, तुम्हाला सांगितलं असेल तर पुढचंही त्याच सांगतील, माझ्याकडून नाही कळणार. मी आवाज चढवला. मी सख्खा भाऊ आहे, म्हटलं, तुम्ही कोण. तर म्हणाल्या, मी कुणी नाही, म्हणूनच. मी फोन ठेवला आणि त्या दिवशी एका भिंतीला दोनदा एकच रंग मारला.

तरी माझा पीळ गेला नाही. पीळ सैल झाला तो कामावर. आमच्याकडे एक नियम आहे, वर असलेल्या माणसाला मागून हात लावायचा नाही. आधी आवाज द्यायचा, त्यानं मान वळवली की मगच जवळ जायचं. नवीन आलेल्या एकानं गंमत म्हणून माझ्या पाठीवर थाप मारली. कमरेला पट्टा होता म्हणून नुसता लोंबकळलो. मुकादमानं त्याला तिथल्या तिथं हाकलला, वर माझ्यावरही डाफरला, मुळूमुळू रडतोस काय म्हणून. मी रडत नव्हतो, ताई, दात वाजत होते. खाली बसलो तर मला तू आठवलीस. तुमच्या स्वयंपाकघरात मी पाणी प्यायला मागून आलो की तू हातातला तांब्या असा धरायचीस, की नखं पांढरी पडायची. मी म्हणायचो, काय ही घाबरट. तू मला सांगितलं होतंस, की आता झडती घेणारी शिपाईणबाई आधी सांगते, आता खांद्याला हात लावते, आता कमरेला, आणि ते तिला त्या बाईंनीच शिकवलंय. तेव्हा मी हसलो होतो. त्या दिवशी नाही हसू आलं.

आता जे सांगायचंय ते. तुझे मोठे दीर गेल्या आठवड्यात माझ्याशी बोलले. एवढ्या वर्षांत ज्यांनी मला कधी या म्हटलं नाही, ते म्हणाले, काय पाहुणे, विसरलात का आम्हाला. चिमी शाळेत छान आहे, म्हणाले, आईला बघायचं म्हणते. मला बरं वाटलं. मग हळूच गाडी वळवली. त्या बाईंच्या संस्थेतलं कुणीतरी चिमीला भेटीला आणता येईल का म्हणून घरी विचारायला आलं होतं. तिकडे ती काय काय बोलते हो, त्यांनी विचारलं. मेलेल्या माणसाची अब्रू कशाला चव्हाट्यावर आणायची. मी म्हटलं, भाऊजींचं सगळं कोर्टात झालंच की, आता काय राहिलंय. तर ते लगेच म्हणाले, तुमच्या भाऊजींचं नाही हो, बाकीच्यांचं. आणि घाईघाईनं विषय बदलला. मी काही विचारलं नव्हतं, ताई. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते मी फोनवरून ऐकलं. मी बाईंपुढे हवेतून फेकलेली ती मागची खोली तेव्हा माझ्याच अंगावर येऊन पडली. बाईंवर एवढा संशय घेत होतो, आणि ज्याच्यावर घ्यायचा त्याच्या घरी मी दरवर्षी पाया पडून येत होतो.

तो म्हणाला, ताईला एक पत्र लिहा, तुमचं ती ऐकते. सोमवारचं ते बंद कर म्हणावं. बंद केलंस की पुढच्याच महिन्यात चिमीला मी स्वतः घेऊन येतो, नाहीतर पोर काही तिकडे फिरकायची नाही. मी लिहितो म्हणालो. हे तेच पत्र. त्याला पत्र गेल्याचं कळेल, आत काय आहे ते नाही. मग मी बाईंना फोन करून एवढंच विचारलं, की लेकीच्या भेटीसाठी घरच्यांची मर्जीच लागते का. त्या म्हणाल्या, आईला स्वतः अर्ज करता येतो, वेळ लागेल, आणि होईलच असं मी सांगणार नाही. होईलच म्हणाल्या असत्या तर माझा पुन्हा विश्वास उडाला असता. तू काय बोलतेस, कुणाबद्दल बोलतेस, मी विचारणार नाही, थाप मारूनही नाही. जायचं तर जा, नको वाटलं तर नको जाऊ, अर्ज करायचा असेल तर मी सुट्टी काढून येतो आणि लागतील तेवढ्या खिडक्यांवर उभा राहतो. चिमी तुझी आहे, बोलणंही तुझं आहे. तुझं लग्न ठरलं तेव्हा तुला कुणी विचारलं नव्हतं, परस्पर हो सांगून टाकलं होतं. पत्र लिहितो, यापलीकडे मी तुझ्या दिराला अजून काहीच सांगितलेलं नाही. तू सांग, मग मी त्याला फोन करतो.

तुझाच,
भिंगऱ्या