परकी ठरलेल्या बाईचा लेक्वार

प्रिय देझो,

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं, आणि दोन्ही वेळा तुझ्या कानाखाली वाजवावीशी वाटली. ‘ताई, आता तिथे तुझं काय राहिलंय? घराला कुलूप लाव आणि आमच्याकडे ये.’ काय राहिलंय म्हणे! आई-बाबा राहिलेत कबरस्तानात, आलुबुखाराची झाडं राहिलीत मागच्या अंगणात, आणि मी राहिलेय. आजीसुद्धा कुठे गेली नव्हती रे. ती इथेच उभी होती, सीमाच सरकत सरकत नदीवर आली आणि आपण हंगेरियन माणसं स्लोव्हाकियातले मग्यार झालो. तू लग्न करून इपोय नदी ओलांडलीस, ती तुझी हौस. माझ्यावर कशाला लादतोस?

तुमच्या हंगेरीने कायदा केला, की शेजारच्या देशांतले मग्यार आपलेच, या, शपथ घ्या, नागरिक व्हा. इकडच्यांनी लगेच उलटा कायदा केला, की त्यांचं नागरिकत्व घेतलंत तर आमचं गेलं. दोन सरकारांच्या भांडणात गावाने आपली युक्ती काढली. शपथ घ्यायची आणि तोंड शिवून बसायचं. शपथेच्या दिवशी तू फुलं घेऊन आला होतास, आठवतं? आईचा काळा पोशाख घालून मी उभी होते, आणि आपल्या भाषेत शपथ म्हणताना ढसाढसा रडले. परतीच्या बसमध्ये मात्र सगळे असे गप्प, जणू कोंबड्या चोरून आणल्यात! शेजारच्या बोरिश्काने तर नागरिकत्वाचा कागद पिठाच्या डब्यात पुरला. मी तिला म्हटलं, अगं, एक दिवस शेवयांत लाटशील.

मला नाही जमलं ते. मी काय चोरी केली होती? सरळ इकडच्या कचेरीत गेले आणि सांगून टाकलं. तेव्हा तू फोनवर ओरडलास, ‘कशाला बोंबलायचं होतं?’ अरे, जे रडून घेतलं ते पिठात लपवू?

परवा माझं स्लोव्हाक ओळखपत्र परत घ्यायला कचेरीतले हृष्कासाहेब घरी आले. नेमका माझा लेक्वार चुलीवर, आलुबुखाराचा मुरंबा आटत आलेला. बोरिश्का दातांच्या डॉक्टरकडे गेलेली, ढवळायला मी एकटी. आता लेक्वारची काठी थांबली की तळाला लागलंच, हे स्लोव्हाकांनाही कळतं. ते म्हणाले, ‘आजी, ओळखपत्र द्या.’ मी म्हटलं, ‘आत कपाटात आहे. ही काठी धरा, तोवर आणते. आणि थांबू नका, नाहीतर आईशप्पथ, हंगेरीशी युद्ध होईल!’ बिचाऱ्यांनी बाह्या वर केल्या. मी मुद्दाम सावकाश गेले. परत येते तर घामाने निथळतायत, शर्टावर जांभळे शिंतोडे, आणि मलाच विचारतायत, ‘आमची आई यात अक्रोड घालायची. तुम्ही नाही घालत?’

ओळखपत्र दिलं. त्यांनी माझ्याकडे न बघताच ते खिशात घातलं. म्हणाले, ‘तुम्ही बोलला नसतात तर आम्हाला कुठे कळणार होतं?’ मी म्हटलं, ‘म्हणूनच बोलले.’ आता माझ्याच स्वयंपाकघरात राहायला मला परवाना काढावा लागणार. वाईट वाटलं, देझो, खूप वाटलं. ते गेल्यावर काठी हातात धरून रडले. पण ढवळणं थांबवलं नाही. काठीला हात लावणाऱ्याची बरणी ठरलेली, ही आईची रीत. हृष्कासाहेबांची बरणी मी बाजूला काढून ठेवलीय.

आणि आता ज्यासाठी लिहायला बसले ते. पत्राच्या तळाशी तू बारीक अक्षरात लिहिलंयस, की घराला चांगलं गिऱ्हाईक आलंय, फक्त माझी सही हवी. तरीच म्हटलं, अचानक ताईची एवढी माया कुठून! ऐक. मी सही करणार नाही. या देशाने मला परकी म्हटलं, ते मी ऐकून घेतलं. पण तूही मला इथून उठवायला निघालास, ते नाही ऐकणार. रविवारी गाडी घेऊन येणार आहेस, तर ये. गिऱ्हाइकाला आणू नकोस. जुना शर्ट घालून ये. दुसरी कढई चढवायचीय, आणि या वर्षी तुझी बरणी अजून ठरलेली नाही.

तुझीच, आणि इथलीच,
एतेल्काताई