सिल्वेरिओ हे नाव

बाउकाऊ
५ नोव्हेंबर २०२३

प्रिय युसुफदादा,

तुझा ताप उतरल्याचं वहिनींनी कळवलं, तेव्हा आईनं छातीवर क्रुसाची खूण केली आणि दुसऱ्या क्षणी कोंबड्यांना हाकलायला बाहेर धावली. म्हणजे ती ठीक आहे. मकासरला तुमच्याकडे उकाडा वाढला असेल. मुलांची शाळा कशी चालली आहे?

आमच्या झेनिल्दाला सुराबायाच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. ती हवेत आहे. आईनं तिला विचारलं, "परत येऊ देतील ना तुला?" झेनिल्दा हसली. "आजी, मी विमानानं चाललेय. सुट्टी लागली की येईन."

"ट्रकवालाही म्हणाला होता, संध्याकाळी आणून सोडतो."

दादा, त्या ट्रकबद्दल आई आयुष्यात पहिल्यांदा बोलली.  तेव्हा इथं राज्य करणाऱ्या ज्या इंडोनेशियाच्या सैनिकांनी तुला उचलून नेलं, तिथं माझी मुलगी हौसेनं निघाली आहे आणि मीच तिची बॅग भरते आहे. हे पत्रही मी त्यांच्याच भाषेत लिहिते आहे. दर सोमवारी त्यांच्या झेंड्यापुढे उभं राहून शिकलेली ही भाषा स्वातंत्र्यानंतर लिहायची नाही असं मी ठरवलं होतं. तिशीत संध्याकाळच्या वर्गाला जाऊन पोर्तुगीज शिकले, कारण शाळेत मी शिकवते ते त्रिकोण तेच राहिले तरी शिकवायची भाषा बदलली. आता तुझ्याशी बोलायला मात्र माझ्याकडे हीच एक आहे.

मी मुद्द्यावर येत नाहीये, हे मला कळतंय. फोनवरही मी अशीच विषय बदलते, म्हणून पत्र.

गेल्या वर्षी तू आलास तेव्हा बाबांचं थडगं बघायचं म्हणालास. मी म्हटलं, टेकडीचा रस्ता खचलाय. तो खचला नव्हता. बाबांच्या शेजारी तुझं थडगं आहे, क्रुसावर तुझं जन्माचं नाव, सिल्वेरिओ. तुला घेऊन तिथं कसं उभं राहायचं ते मला सुचलं नाही.

तुला नेलं तेव्हा मी अंगावर पीत होते. त्यामुळे माझ्यासाठी तू म्हणजे ते थडगंच होतास. शाळकरी असल्यापासून दर दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, मी तिथं फुलं आणि मेणबत्त्या नेत आले. तुझा चेहरा मला माहीत नव्हता, पण तिथली फरशी कुठे तडकली आहे ते माहीत होतं. मग तू मकासरला, युसुफ या नावानं, जिवंत असल्याचा निरोप आला. मी आईला विचारलं, "मग त्या थडग्यात कोण आहे?" आई म्हणाली, "दगड." प्रेत हाती लागलं नाही की आपल्याकडे माणसाच्या कपड्यात दगड गुंडाळून पुरतात. मला ते पटलं. सगळ्यांनाच पटलं.

तू आजारी पडल्याचं कळलं आणि कायतानो मामा भडकले. "जिवंत माणसाच्या नावानं मेणबत्त्या जाळता, मग ताप येईल नाहीतर काय? आधी तो दगड काढा."

"राहू दे," आई म्हणाली.

"राहू दे काय, ताई? मुलगा तुझा की माझा?"

मी गणित शिकवते. मेणबत्तीचा आणि तापाचा संबंध मला मान्य नाही. तरी मी मामांच्या बाजूनं बोलले. पुढच्या वेळी तुला टेकडीवर नेता यावं म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. आईच्या "राहू दे"मध्ये मला काहीतरी खटकलं होतं म्हणूनही असेल.

एक तारखेला सकाळी मामा आणि त्यांचे दोघे मुलगे खणत होते. आई स्टुलावर बसून सुपारी चघळत होती. फावडं अडलं. मामा हसले, "सापडला युसुफचा धोंडा!" हातानं माती सारायला खाली वाकले आणि तसेच वाकून राहिले.

हाडं होती, दादा. लहान मुलाची. पुढचे दुधाचे दात सगळे जागेवर होते.

मला त्या वेळी काय वाटलं ते लिहायलाच हवं. वाटलं, हा सिल्वेरिओ असेल तर विमानतळावर मी ज्याच्या गळ्यात पडून रडले तो कोण? फोनमध्ये तुझा फोटो मोठा करून मी तुझे कान पाहिले. मग आईचे पाहिले. तिथं, त्या खड्ड्याच्या काठावर.

मामा ओरडले, "ताई, कोण आहे हा?"

"मला काय माहीत? सैनिकांनी आम्हाला टेकडीखाली छावणीत कोंडलं होतं ना, तिथं झऱ्याच्या वाटेवर पडला होता. त्याला न्यायला कुणी आलं नाही." आईनं सुपारी थुंकली. "माझ्याचे पुढचे दात पडले होते. याचे होते. पण सैनिकांना कुठे माहीत होतं?"

मग तिनं सांगितलं. तिचं बोलणं पाऊसपाण्याबद्दल बोलावं तसं होतं. त्यांच्याच ट्रकनं तुला नेलं, आणि छावणीवर दुसरी तुकडी आली ती आईलाच विचारू लागली, मुलगा कुठे आहे? डोंगरात लढणाऱ्यांकडे पाठवलास? बाबांना दोनदा नेऊन मारलं. ते कोठडीत असताना आईनं त्या मुलाला तुझा सदरा घातला आणि तुझ्या नावानं पुरलं. "मेलेल्या मुलाबद्दल कुणी विचारत नाही," ती म्हणाली.

"बाबांना तरी सांगायचं होतंस!"

"सांगितलं असतं तर ते रडले नसते. ते रडले म्हणून सैनिकांना खरं वाटलं."

बाबा तुझ्यासाठी रडतच गेले, दादा. त्यांना कुणी काही सांगितलं नाही.

"आणि देश स्वतंत्र झाल्यावर?" मी विचारलं. त्या रात्री आम्ही सगळे रस्त्यावर नाचलो होतो. आई घरात बसून राहिली होती. मला वाटलं होतं, थकली असेल.

"हा देश किती दिवस टिकेल, मला काय माहीत? पोर्तुगीज गेले, इंडोनेशियन गेले. हे राहतात की जातात, ते बघत होते."

वीस वर्षं, दादा! मी मुलांकडून राष्ट्रगीत म्हणवून घेत होते आणि माझी आई घरात बसून बघत होती.

निघताना तू विचारलं होतंस, "मला कुणी शोधलं का?" मी ते आईला सांगितलं आणि ती कॉफी करायला उठली. त्याचं उत्तर माझ्याकडे आता आहे. नाही. तुला कुणीही शोधलं नाही. बाबांना वाचवायला तिनं तुला मेलेला ठरवलं, आणि मग मेलेल्याला शोधायला कोण जाणार? मी तिच्यावर चिडले आहे, आणि तिच्या जागी मी काय केलं असतं हे मला सांगता येत नाही. तू काय करावंस, हे तर मी मुळीच सांगणार नाही.

त्या मुलाला आम्ही नव्या कापडात ठेवून पुन्हा पुरलं. फादरनी प्रार्थना म्हटली. मामांनी क्रुसावरचं नाव खरवडायला छिन्नी आणली, तेव्हा मात्र आई स्टुलावरून उठली. "हात लावू नकोस. ज्याचं नाव आहे त्याला विचार."

म्हणून विचारते. सिल्वेरिओ हे नाव तुला परत हवं आहे का? हवं असेल तर ये. तुझ्या हातानं काढ, आम्ही सगळे तिथं असू. नको असेल तर तसं कळव, मग ते त्या मुलाकडेच राहील. तू ते सातच वर्षं वापरलंस. त्याच्याकडे दुसरं नावच नाही.

तुझी सख्खी बहीण,
फेलिस्मिना