खणातले पाच चाकू

मी, खालच्या चाकू-दुरुस्तीच्या दुकानाची अर्धी मालकीण, उद्या पोटाच्या ऑपरेशनला जायचं म्हणून हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहिते. डोकं शाबूत आहे, कुणी भरीस घातलेलं नाही. अक्षर वाकडं येतंय ते भीतीनं. त्यावरून मला खुळी ठरवू नये.

१. वरची खोली, बँकेतली शिल्लक आणि दुकानातला माझा हिस्सा लेकीला.

२. बारीक पेचकस, भिंग आणि तेलाची कुपी तिलाच. पात्याचा स्क्रू किती पिळायचा हे तिला सांगावं लागत नाही. पातं आपल्या वजनानं मिटावं, पण बाजूला केसभरही हलू नये. महागड्या घडीच्या चाकूंची गिऱ्हाइकं एवढ्यासाठी तर लांबून येतात.

३. धाकट्या दिरांना काही नाही. त्यांचा हिस्सा त्यांच्या नावावर आहेच. या कागदातून काही मिळत नाही, तेव्हा साक्षीदार म्हणून ते चालतील. माझी चांगली कानस नेली ती परत दिली नाही. ती त्यांना लखलाभ!

४. त्याच कानशीपायी मला झोप नाही. चाकू उघडला की आतली पट्टी पात्याच्या बुडाशी अडते, म्हणून पातं बोटांवर मिटत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, पट्टी घट्ट बसते, मिटताना ती सारून अंगठा दुखतो. की लागले आमचे भाऊजी पट्टीचं तोंड घासायला! मी अंथरुणाला खिळले होते तेव्हा त्यांनी पाच चाकू जुळवले. ते खणात आहेत. पट्टी जास्त घासली गेली असेल तर बाहेरून कळत नाही, पण दाब पडला की ती निसटते.

आमच्या दुकानाची रीत ह्यांनी घातलेली: एकानं जुळवायचा, दुसऱ्यानं तपासायचा. उघडा चाकू गिऱ्हाइकासारखा मुठीत धरून पात्याची पाठ बाकावर दाबायची, तीही उघड्या हातानं. म्हणजे भाऊजींचे पाचही चाकू माझ्या लेकीच्या बोटांवर.

तिला म्हटलं, "हात लावू नकोस."

"आई, मी नाही तपासले तर ते गिऱ्हाइकाच्या हातात मिटतील. मग?"



५. म्हणून ही रीत मी आजपासून मोडते. ज्यानं पट्टी घासली, त्याचीच बोटं आधी. खणातले पाच चाकू भाऊजींनी स्वतः दाबून बघावेत आणि मगच या कागदावर सही करावी.

हे वाचून ते भडकले. "वहिनी, इतक्या वर्षांत माझा एक तरी चाकू परत आलाय का?"

"नाही आला. मग घाबरता कशाला?"

"मी घाबरतो? हे बघा, आत्ता जातो!"

तरातरा खाली गेले. लेक मागोमाग निघाली होती. मी तिचं मनगट घट्ट धरून बसले आहे आणि दुसऱ्या हातानं लिहिते आहे. खाली चाकू उघडल्याचा खटका होतो, मग बाकाचा आवाज, मग पुन्हा खटका. देवा, माझंच चुकलेलं असू दे. मी त्यांच्या पाया पडून माफी मागेन.

आता बराच वेळ खटका झालेला नाही.

लिहून देणार: सही

साक्षीदार १: शेजारचा शिंपी. सही

साक्षीदार २: धाकटे दीर. उजव्या हाताच्या बोटांना टाके पडल्यामुळे सही करता येत नाही. डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला आहे.

ठिकाण: दुकानावरची खोली
दिनांक: ऑपरेशनच्या आदला दिवस