साडेआठचा अर्धा चमचा

शिंदे की छावनी, ग्वाल्हेर
६ जानेवारी

चि. सौ. निवेदितास, सासूचे अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर शिखा कान देऊन ऐकते, म्हणून पत्र. तुझी इंदूरला बदली होऊन दोन महिने झाले. तुझ्याजवळ अकरापर्यंत घर डोक्यावर घेणारी तुझी चार वर्षांची लेक आता बरोबर साडेआठला झोपते. सुश्रुत याला जादू म्हणतो. तीस वर्षे कॉलेजात शिकवलेल्या आईच्या शिस्तीला मुलगा जादू म्हणतो, याचे नवल वाटते. सकाळी ती जरा जड असते, थंडी आहे. तुझे अक्षर मात्र आता वाचण्याजोगे झाले आहे.

प्रकृतीस जप, माया आहेच.
वनमाला

इंदूर
१३ जानेवारी

ती. सौ. आईंना शि. सा. न.

वाचून बरे वाटले, मग भीती वाटली. बालवाडीच्या बाई फोनवर सांगतात, शिखा दहा वाजताच सतरंजीवर आडवी होते. माझ्या कपाटातली गुलाबी औषधाची बाटली तुम्हाला सापडली का? ते सर्दी-ॲलर्जीचे औषध. तिच्या रडण्याने घराला झोप नाही, असे तुम्ही शेजारच्या मंदाताईंसमोर म्हणालात, त्यानंतर बदलीच्या तोंडावर मी ते कुणाला न विचारता झोपेसाठी देऊ लागले. काल इथल्या डॉक्टरांना विचारले. ॲलर्जीचे औषध मुलांना झोपवण्यासाठी देऊ नये, गुंगी म्हणजे झोप नव्हे, काही मुले त्याने उलट बिथरतात, असे ते म्हणाले. देत असाल तर कृपा करून थांबवा. नसाल तर रागवा.

लोभ कमी करू नये.
निवेदिता

ग्वाल्हेर
१९ जानेवारी

चि. सौ. निवेदितास आशीर्वाद.

देत होते. बाटलीवर तुझ्या हातची चिठ्ठी होती: अर्धा चमचा, रात्री. इतकी नेटकी सूचना डॉक्टरांचीच असणार, असे मी गृहीत धरले. बाटली संपल्यावर नया बाजारातून दुसरी आणवली आणि तीच चिठ्ठी तिला डकवली. विद्यार्थ्यांना मी प्रत्येक विधानाचा आधार मागत असे. तुला मागितला नाही.

औषध बंद आहे. डॉक्टरांनी शिखाला तपासले. धोका नाही, पण झोप का येत नाही ते शोधा, म्हणाले. आता का येत नाही, ते तिनेच सांगितले. साडेआठला ती माझ्यापुढे तोंड उघडून उभी राहते. काल तिने हिंदीत पूर्ण चमचा मागितला. तू महिन्यातून एकदा रात्रीच्या गाडीने येतेस. ती झोपून उठते, तेव्हा तू घरात असतेस. अर्ध्या चमच्यात मम्मा एकदाच येते, पूर्ण दिला तर रोज येईल, असे तिने मला समजावले.

तिला काय सांगू, ते कळव. अक्षराकडे पाहू नकोस, लवकर लिही.

तुझ्या लोभाची गरज असलेली,
वनमाला