भाजलेली वाळू

प्लोव्दिव्ह, २९ नोव्हेंबर

प्रिय बाबा,

हे दोन शब्द लिहायला मला तीन कागद लागले. पहिल्यावर 'आदरणीय रांगेल' असं लिहिलं, तर ऑफिसातून एखाद्या हॉटेलला लिफ्ट बंद करण्याची नोटीस धाडते आहे असं वाटलं. दुसऱ्यावर नुसतं 'नमस्कार' लिहिलं आणि माझाच मला राग आला. जूनमध्ये कोर्टाचा कागद हातात पडला, त्या दिवसापासून मी तुमची सून नाही. पण मग तुम्हाला हाक कशी मारायची, ते त्या कागदात कुठे लिहिलेलं नाही. नऊ वर्षं 'बाबा' म्हणत आले, जिभेला तेच वळण आहे, तेच राहू दे. उन्हाळ्यापासून तुम्हाला अक्षर दिसत नाही, तेव्हा हे पत्र शेजारच्या सेव्दाकाकू वाचून दाखवणार हे धरूनच लिहिते आहे. काकू, हात जोडून सांगते, मध्येमध्ये तुमची टिप्पणी नको. आणि बाबा उठून जायला लागले तर कोट धरून खाली बसवा. मी फोन केला की ते 'बरं आहे सगळं, डोळ्यांचं वसंतात बघू' म्हणतात आणि ठेवून देतात. पत्र असं ठेवून देता येत नाही, विशेषतः ते तुमच्या हातात असेल तर.

पहिली बातमी अशी की लाल गाडी हिवाळ्यासाठी तयार आहे, आणि या वर्षी सगळं मी एकटीने केलं आहे. टायरवाल्याने नेहमीप्रमाणे तोंड वाकडं केलं. म्हणाला, "बाई, दोन सीटांची, कापडी छपराची, मागच्या चाकांवर पळणारी गाडी. असल्या गाडीवर लोक नोव्हेंबरात पांघरूण घालतात आणि एप्रिलमध्ये काढतात. तुम्ही हिला डोंगरात नेणार?" मी म्हटलं, "माझ्या सासऱ्यांना विचारा, एकतीस वर्षं त्यांनी त्याच डोंगरात बस चालवली आहे." तोंडातून शब्द गेला आणि मग लक्षात आलं. पण परत घेतला नाही.

चारही टायर बदलले, बाबा. चारही. हे वाचताना तुम्ही हसणार हे मला माहीत आहे. लग्नानंतरचा तो पहिला हिवाळा तुम्ही मला कधी विसरू दिलात? मागची चाकं ढकलतात, मग नवे टायर मागेच घालावेत, असा मी हिशेब केला होता. मोठी इंजिनिअर मी! तुमच्या फाटकासमोरच्या वळणावर मी चाक वळवलं आणि गाडी मात्र सरळ सेव्दाकाकूंच्या गवताच्या गंजीत गेली. शेजारी बसलेल्या तुमच्या लेकाचा, आसेनचा, चेहरा पांढरा पडला होता. तुम्ही चपला घालून बर्फात आलात, गाडीभोवती एक फेरी मारलीत आणि म्हणालात, "पोरी, ही मागच्या पायांनी चालते खरी, पण बघते पुढच्या पायांनी. तू तिला आंधळं करून डोंगरावर आणलंस." आणि काकू म्हणाल्या होत्या, "ते राहू दे, माझं गवत कोण भरून देणार?" मी त्या दिवशी शरमेने मेले होते. आज वाटतं, त्या गंजीचे उपकार मानायला हवेत. ती तिथे नसती तर पलीकडे ओढा होता.

आसेनने त्याच आठवड्यात गाडी विकायला सांगितलं होतं. त्याचं चुकत होतं असं मी आजही म्हणणार नाही. शहाण्या माणसाने हेच सांगितलं असतं. तुम्ही एकटेच म्हणालात की गाडी वाईट नाही, तिला हिवाळा शिकवायला हवा, आणि हिलाही. 'हिलाही' म्हणताना बोट माझ्याकडे होतं. मग दर वर्षी आठ नोव्हेंबरला, देवदूतांच्या सणाला, त्यांच्यावरूनच तुमचं नाव, म्हणून तुमच्या नावाच्या दिवशी आम्ही वर यायचो, आणि पाहुणे टेबलाशी बसलेले असताना तुम्ही आणि मी अंगणात गाडीखाली असायचो. दारांच्या रबरांना ग्लिसरीन चोळायचं, म्हणजे गोठून चिकटत नाहीत. रात्री हँडब्रेक ओढून ठेवायचा नाही, गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाखाली लाकडाचा ठोकळा. छपरावरचा बर्फ केरसुणीने काढायचा, फावडं लावलंस तर हात तोडीन. टाकी कधी अर्ध्याखाली उतरू द्यायची नाही. आणि साखळ्या घरीच उघडून, घालून, काढून बघायच्या, कारण खिंडीत बोटं गोठल्यावर त्या घालता येत नाहीत. हे सगळं तुमच्या आवाजात माझ्या डोक्यात वाजतं. शनिवारी आमच्या इमारतीच्या अंगणात मी एकेक करत होते, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकीतून विचारलं, "कुणाशी बोलतेस गं?"

आणि वाळू! बाकी लोक डिकीत वजन म्हणून काहीही टाकतात, सिमेंट काय, बटाटे काय. तुम्ही नदीची वाळू आणून, ज्या शेगडीवर सप्टेंबरात मिरच्या भाजता त्याच शेगडीवर, पत्र्याच्या तव्यात भाजायचात. ओली वाळू गोठून दगड होते, मग चाकाखाली टाकायची वेळ आली की हातात दगडच. चार पोती, पंधरा पंधरा किलोंची, मागच्या चाकांच्या बरोबर वर, दोरीने बांधलेली. मार्चपर्यंत माझ्या गाडीला भाजलेल्या मिरच्यांचा वास यायचा. हॉटेलांच्या लिफ्ट तपासायला जायचे, तर तिथले लोक विचारायचे, डबा आणलाय का म्हणून. या वर्षी त्या वासाशिवाय गाडीत बसले आणि मला रडू आलं. लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.

एक गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितली नाही. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मी रोझेनची खिंड उतरत होते. सकाळचे दहा, ऊन, रस्ता कोरडा दिसत होता, आणि झाडीच्या सावलीतल्या वळणावर काचेसारखा बर्फ. समोरून दुधाचा टँकर. गाडीची मागची बाजू सुटली आणि पुढे यायला लागली. पण हातांना काय करायचं ते ठाऊक होतं. पहिल्या वर्षी शाळेच्या मैदानावर कोबी खारवायची रिकामी पिंपं मांडून तुम्ही मला चाळीस वेळा मुद्दाम घसरायला लावलं होतं आणि दर वेळी ओरडला होतात, "पिंपाकडे बघू नकोस! जिथे आदळायची भीती तिकडे बघशील तर तिकडेच जाशील. जायचंय तिकडे बघ, हात आपोआप येतात!" मी पाय उचलला, ब्रेकला हात... पायच म्हणायचंय, लावला नाही, आणि टँकर सोडून त्याच्या बाजूच्या रिकाम्या रस्त्याकडे बघितलं. हात आले, बाबा. टँकरवाला पुढे जाऊन थांबला, खाली उतरला, आणि मला शिव्या देण्याऐवजी त्याने दुधाची एक बाटली दिली. मी घरी कुणाला काही बोलले नाही. पण जिवंत आहे ती तुमच्यामुळे, हे आज स्पष्ट लिहिते. हे वर्ष गेलं त्यातही तेच वाक्य उपयोगी पडलं. कोर्टाच्या बाकावर आसेन आणि मी शेजारी बसलो होतो, भांडण संपलेलं. मी जायचं होतं तिकडे, खिडकीबाहेर, बघत राहिले.

आता माझ्या चुकीबद्दल. या वर्षी आठ नोव्हेंबरला मी आले नाही. केक आणला होता, तुमच्यासाठी लोकरी मोजे घेतले होते, गाडीत पेट्रोल भरलं होतं. आणि मी सकाळपासून फोनजवळ बसले की तुम्ही बोलवाल. आता मी त्यांची कोण, न बोलावता कशी जाऊ, असं मनात. डोंगरातल्या नऊ वर्षांचं मातेरं केलं मी! नावाच्या दिवशी कुणी कुणाला बोलावतं का? दार उघडं ठेवतात, आणि जो स्वतःला आपला समजतो तो येतो. तुम्ही बोलावलं असतंत तर तोच माझा अपमान ठरला असता. हे पाच वर्षांच्या मुलाला कळतं आणि मला कळलं नाही. गेल्या रविवारी सेव्दाकाकूंचा फोन आला तेव्हा कळलं. त्या म्हणाल्या, "म्हातारा बूट घालून अंधार पडेपर्यंत फाटकाशी बसला होता. दिसत तर काही नाही, प्रत्येक गाडीच्या आवाजाला मान वर करायचा. मी म्हटलं, आत चल, तिचा आता काय संबंध. तर माझ्यावरच खेकसला, घटस्फोट आसेनने घेतलाय, मी नाही घेतलेला." आणि चार पोती वाळू भाजून दाराशी ठेवलेली होती. न दिसणाऱ्या डोळ्यांनी, त्या पेटत्या शेगडीवर. काकू, हे सांगितल्याबद्दल मी तुमची जन्माची ऋणी आहे. बाबा, मला माफ करा.

काकूंनी दुसरंही एक सांगितलं. डोळ्यांच्या ऑपरेशनची तारीख तुम्ही सोडून दिलीत. आसेन हॅम्बुर्गहून वसंतात येईल तेव्हा बघू, परक्या माणसाला कशाला त्रास, असं म्हणालात. डॉक्टर मात्र म्हणतात की मोतीबिंदू पिकला आहे, वसंतापर्यंत थांबलात तर उजव्या डोळ्याची खात्री ते देणार नाहीत. म्हणून मी मंगळवारी इथल्या इस्पितळात गेले आणि तुमची तारीख परत मिळवली, पुढच्या शुक्रवारची. गुरुवारी सकाळी अकराला मी तुमच्या फाटकाशी येते. खिंड साफ केलेली आहे, मी चौकशी केली. येताना डिकीत लिफ्टची परीक्षा घ्यायची तीन लोखंडी वजनं असतील, ऑफिसातून मागून घेतलीत, पण परतीला मला तुमचीच वाळू हवी. पोती तुम्ही सांगाल तिथे ठेवीन, दोरी तुम्ही बांधा, गाठ हातांना कळते. उतरताना चूक केली तर ओरडा, त्यासाठी डोळे लागत नाहीत. बोलावणं धाडू नका, मी न बोलावताच येणार आहे. इस्पितळाच्या फॉर्मवर 'सोबत येणाऱ्याचं नातं' असा रकाना होता. खिडकीतल्या बाई पेन घेऊन थांबल्या होत्या, मागे रांग होती. मी 'मुलगी' असं लिहिलं. ते खोटं वाटलं तर खुशाल खोडा, पण त्यासाठी आधी तो रकाना तुम्हाला दिसायला हवा.

तुमचीच,
नेवेना